मधुश्रीचे दोन नकार

"या वेळी विचारणारच!" परिमल सान्यालने आरशाला बजावलं. मागच्या गल्लीतल्या मधुश्रीला तो चार वर्षं विचारणारच होता. दर वेळी हवापाण्यावर बोलून घरी यायचा! पुढच्या आठवड्यात ती सिलिगुडीच्या शाळेत रुजू होणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

पण दुर्गापूजेनंतरच्या संमेलनातलं आळीचं नाटकच असं होतं की घोडं गंगेत न्हायलाच हवं! नायक परिमल, नायिका मधुश्री; एकच जोडपं, एकच चहाची टपरी आणि नशिबाचे तीन फाटे. पहिल्यात ती नकार देते, दुसऱ्यात तो विचारतच नाही, तिसऱ्यात ती हो म्हणते. तिसऱ्यात परिमल तिचं खरं नाव घेऊन विचारणार होता. नाही म्हणालीच, तर नाटकच होतं म्हणायला मोकळा!

आता कृष्णनगरच्या त्या आळीत नाटक पाठ करणं म्हणजे हाराधनकाकांचा अपमान. काकांनी विंगेतून सांगायचं, नटांनी म्हणायचं, अशी पिढीजात रीत. परिमल तेवढा घोकून आला होता.

पहिला प्रवेश झकास झाला. नकार, टाळ्या!

दुसऱ्यात परिमल ठरल्याप्रमाणे म्हणाला, "पाऊस येईलसं वाटतं."

मधुश्रीने विंगेकडे कान दिला. "माफ करा, मी तुमच्याशी लग्न करू शकत नाही."

"अगं, पण त्याने विचारलंय कुठे!" पहिल्या रांगेतून परिमलची आत्या ओरडली. मंडप हसून लोळला.

परिमल विंगेशी सरकला. "काका, पुढचा प्रवेश!"

"पुढचा कसला? टायपिस्ट गाढव! एकच प्रवेश तीनदा छापून ठेवलेला. जास्तीची पानं मी केव्हाच भेळवाल्याला दिली!"

परिमलने मंडपाकडे पाहिलं. त्याच्या सुखी संसाराच्या पुड्या करून लोक चुरमुरे खात होते! रडूच यायचं बाकी होतं. पण तिसऱ्या प्रवेशाचा दिवा लागला, समोर मधुश्री उभी राहिली, आणि त्याला वाटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"मधुश्री, माझ्याशी लग्न करशील?"

खरं नाव ऐकून सगळा मंडप पुढे झुकला. चुरमुरेसुद्धा थांबले.

"माफ करा, मी तुमच्याशी..." काकांनी सांगितलं. काकांनी आवाज चढवला, "माफ करा, मी..." परिमलने डोळे मिटून घेतले.

मधुश्री विंगेकडे वळली. "काका, तुम्ही जरा गप्प बसा. एवढं मला पाठ आहे." मग परिमलकडे बघून म्हणाली, "हो. किती उशीर केलात!"

मंडप डोक्यावर! आत्या तर खुर्चीवर उभी राहिली. आणि आमचा घोकून आलेला हिरो? घोकलेलं सगळं तिथेच संपलं होतं! शेवटी त्याने केविलवाणं होऊन विंगेकडे पाहिलं.

"काका, आता मी काय म्हणू?"

"मला काय विचारतोस?" काका खेकसले. "माझं लग्न झालंय कुठे!"