थांबलेल्या वाचकांची मोजणी

जे मोजता येत नाही ते कार्यालयीन जगात नसतंच. आणि जे मोजता येतं ते बरं की वाईट, हे विचारायची पद्धत नाही. शहर पाणीपुरवठा मंडळाच्या संकेतस्थळावर कोण येतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं तोवर ते उत्तम चाललं होतं. मग मोठे साहेब एका परिषदेला गेले. परिषदेहून कुणी रिकाम्या हाताने परतत नाही (पिशवी मिळते), पण साहेब डोक्यातही काहीतरी घेऊन आले.

संकेतस्थळ कुणी वाचत नसेल तर संपादकांना मीटर विभागात हलवावं, असं त्यांनी सौम्यपणे सुचवलं. संपादक हादरले. ‘पाणी : एक चिंतन’ या मालेचे कित्येक भाग त्यांनी लिहिले होते, आणि मीटर विभागात चिंतनाला वाव नसतो; तिथे गटारात वाकावं लागतं.

ठरलं असं, की आपली माणसं आपणच मोजायची. परक्या कंपनीकडून मोजून घेतलं तर नागरिकांची माहिती बाहेर जाणार. ती मंडळाच्याच जिन्याखालच्या लिनक्स सर्व्हरवर सुखरूप राहावी. (या सर्व्हरवर प्लॅस्टिक पांघरलेलं असे. वरून गळायचं. मंडळाच्या इमारतीत पाणी चोवीस तास असतं.) मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट होतं, त्यामुळे मंजुरी रखडली, फुकटच्या वस्तूत कुणाला रस असणार?

अखेर सर्व्हरवाला ते बसवायला बसला. सॉफ्टवेअरने एका फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी मागितली. ती कुणाच्या नावे द्यावी यावर बैठक झाली, आणि कुणाला वाईट वाटायला नको म्हणून सगळे अधिकार सगळ्यांना देण्यात आले. मंडळाच्या इतिहासातला हा एकमेव लोकशाही निर्णय. मग सॉफ्टवेअरने टाइम झोन विचारला, म्हणजे कुठल्या देशाचं घड्याळ लावायचं ते. यादीतला पहिला निवडला गेला (पहिल्याला डावललं की तक्रार येते). परिणामी सगळं शहर पहाटे तीनला संकेतस्थळ वाचतंय असं दिसू लागलं, आणि साहेबांनी नागरिकांच्या ज्ञानतृष्णेचं कौतुक करणारं परिपत्रक काढलं.

पहिला अहवाल मात्र निर्दय निघाला. चिंतनाला वाचक एकच, आणि तो मंडळाच्याच इमारतीतला. बाकी सगळे ‘उद्या पाणी कुठे बंद’ हे पान उघडायचे आणि नऊ सेकंदांत चालते व्हायचे.

“नऊ सेकंद?” साहेब म्हणाले. “म्हणजे लोक थांबतच नाहीत.”

“साहेब, त्यांना हवं ते मिळतं ना,” सर्व्हरवाला म्हणाला.

“तोच तर दोष आहे.”

संपादकांचा चेहरा उजळला. त्यांनी पाणी बंदचं वेळापत्रक उचललं आणि चिंतनाच्या तळाशी नेऊन ठेवलं. तरी काही चिवट नागरिक थेट तळ गाठत, म्हणून एकेका भागाला एकेक पान दिलं आणि मधे ‘पुढे वाचा’ची पायरी. शोधायची पेटी काढून टाकली. शोधणाऱ्याला सापडतं, आणि सापडलं की माणूस निघून जातो. थांबण्याची सरासरी नऊ सेकंदांवरून थेट चौदा मिनिटांवर गेली. साहेबांनी संपादकांच्या पाठीवर हात ठेवला. मीटर विभागाचं नाव पुन्हा निघायचं होतं ते फक्त वार्षिक बैठकीत, आणि ती दुसऱ्याच दिवशी होती.

त्या संध्याकाळी संपादकांना बायकोचा फोन आला.

“अहो, उद्या आपल्याकडे पाणी आहे की नाही? पिंप भरून ठेवू का?”

“संकेतस्थळावर आहे ना सगळं.”

“अर्धा तास तेच बघतेय. तुमचं चिंतन काही संपत नाही. तुम्ही तिथेच बसलाय, सांगा की सरळ.”

सरळ सांगायला संपादकांना ठाऊक असायला हवं होतं. शिवाय समोरच्या आलेखात एक ठिपका तिसाव्या मिनिटाकडे चढत होता. लग्नानंतर प्रथमच बायको आपलं लिखाण इतका वेळ वाचत होती.

“पुढचं पान बघ,” ते हळुवारपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरात थेंब नव्हता. बायकोने शेजारून दोन बादल्या जिना चढून आणल्या, सासूबाईंना आंघोळ घातली, आणि मग अभिप्रायाच्या चौकटीत नवऱ्याबद्दल जे वाटत होतं ते सविस्तर लिहिलं. बैठकीत ते ‘वाचकांचा सक्रिय सहभाग’ या मथळ्याखाली मांडलं गेलं. संपादक जागेवर कायम झाले.

हे वाचून तुम्हाला हसू येईल, संताप येईल, किंवा एवढ्या वेळात कामाचं काही वाचून झालं असतं अशी हळहळ वाटेल. मोजणीला त्याच्याशी कर्तव्य नाही. तुम्ही शेवटपर्यंत थांबलात एवढीच नोंद होते, आणि थांबलेल्या माणसाला अहवालात समाधानी म्हणतात.