म्हातारी निजलीय

गेस्ट हाऊसच्या कोठारात शिरताना इब्राहिमचाचा आम्हाला चपला बाहेर काढायला लावत. आत नमाजाची चटई नव्हती की कुणा पिराची तसबीर नव्हती. होत्या साहेबलोकांच्या दारूच्या बाटल्या. वर तोंडावर बोट ठेवून दटावत, "हलू चाल. म्हातारी निजलीय."

म्हातारी म्हणजे फ्रान्समधल्या बर्गंडीची तांबडी वाइन. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या आमच्या रिफायनरीत एक फ्रेंच साहेब होता. जाताना त्याने ही एक बाटली चाचांच्या हाती दिली. अजून कच्ची आहे, परत येईन तेव्हा उघडू, म्हणाला. चाचांनी जन्मात दारू चाखली नव्हती. पण अमानत ती अमानत. कुवेतच्या उन्हाळ्यात ते तिला ओल्या गोणपाटात आडवी निजवत आणि अढीतल्या आंब्यासारखी रोज पालटत. "नायतर एका अंगान नासंल." वाइनला हलवायचं नसतं म्हणे. साहेबाने ते पाहिलं असतं तर कपाळ बडवून घेतलं असतं.

मी सातवीतून शाळा सोडलेला. चाचांनीच मला तिथे भांडी घासायला लावून दिलं. त्यांचे उपकार कसे फेडायचे, याची मला काळजीच वाटायची. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं नाही. "गाव कंचा?" एवढंच. हा त्यांचा सगळ्यांना एकच प्रश्न. गावावरून ते माणसाचा स्वभाव सांगत आणि बहुतेक वेळा चुकत. मी पोलादपूर म्हणताच म्हणाले, "घाटाच्या पायथ्याचा. म्हंजे भित्रा." तेवढं मात्र बरोबर निघालं.

साहेबाकडून ऐकलेला म्हातारीचा गाव त्यांना पाठ होता. "चुन्याच्या दगडाचा उतार. सकालचा ऊन अंगावर. वेल जुनी झाली की द्राक्षां कमी, पन गोडी खोल. बांधापलीकडची दारू येगली, भाव पन येगला. तरनीपनी तुरट, तोंड वाकडा करनारी. थांबलास तर नरम."

"न चाखता कसं कळलं हो, चाचा?" स्वयंपाकी टोमणा मारी.

"तुझा सालन खारट हाय ता चाखल्याबिगर कलतो की नाय?"

मग बाटलीच्या उतरलेल्या खांद्यांवरून हात फिरवत मला म्हणत, "बघ, आपल्यासारकीच. ड्यूटी करून आल्यावानी." खरंच होतं ते. संध्याकाळी आमचे खांदे तसेच दिसत.

पुढे सरकारने दारूबंदी केली. मॅनेजरने सांगितलं, उद्या तपासणी आहे, सगळं मोरीत ओता. चाचांनी मुकाट्याने सगळं ओतलं.

आम्हा दोघांच्या खोलीवर आलो तर त्यांच्या खाटेखाली ओलं गोणपाट. मी पटकन दार लावलं. "चाचा, ही सापडली तर दोघांनाही बोटीत बसवून घरी धाडतील!"

"साहेब येनार हाय."

"एवढ्या वर्षांत खुशालीच्या दोन ओळी तरी आल्या का त्याच्या?"

त्यांनी वाकून गोणपाट सारखं केलं. मग म्हणाले, "तुझ्या घरात खानारी किती?"

"सहा."

ते उठले, बाटली घेऊन मागच्या बोरीपाशी गेले. बूच काढून लांबूनच हुंगलं आणि म्हातारीला बुंध्याशी ओतलं. रोज पालटून पालटून सगळा गाळ वर आलेला, ओढ्याच्या लाल पाण्यासारखी गढूळ धार.

"तय्यार झालती," चाचा म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

रिकामी बाटली मांडीवर घेऊन ते वाळूतच बसले. शेजारी बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सगळ्यांना गाव विचारणाऱ्या या माणसाला कुणी कधी त्याचा गाव विचारला नव्हता. मीही नाही.

"चाचा, तुमचा गाव कंचा?"

ते बाटलीकडेच बघत राहिले.

"कातलाचा उतार," म्हणाले. "खाली खाडी. सांजचा ऊन अंगावर."

बूच त्यांच्या मुठीतच होतं.

"पन लय वरसां बंद रायला."