पाटीनं लिहिलेलं मानपत्र

केजच्या एका कॉलेजात हेडक्लार्क असलेल्या भागवतने एका रविवारी जेवण झाल्यावर ठरवलं की लॅपटॉप ही वस्तू आता जुनी झाली. मोबाईलवर एक गोरागोमटा माणूस सतरा मिनिटं समजावून सांगत होता की या भारीतल्या टॅबलेटला कीबोर्ड जोडता येतो, पेन वापरता येतं, आपण बोललेलं ऐकून तो आपला आपणच लिहितो, तेव्हा शहाण्या माणसाने लॅपटॉप बाळगू नये. शहाण्या माणसाविषयी कुणीही काही बोललं की भागवतला ते आपल्याविषयीच वाटायचं. आठ दिवसांत टॅबलेट घरी आला आणि लॅपटॉप मेहुण्याच्या मुलीला, ऋतुजाला, अकरावीसाठी देऊन टाकला. (चार्जरसकट दिला. मोठेपणा करायचा तर पुरता करावा.)

"अन् तुमचं लिवायचं काम?" बायकोने, विजयमालाने, विचारलं.

"लॅपटॉपात जे होतं ते समदं ह्या पाटीत होतं."

"मंग ती एवढी पातळ कावून हाय?"

हा मुद्दा त्या सतरा मिनिटांत आलेला नव्हता. भागवत पाटी पुसायला लागला.

लिहायचं काम म्हणजे मानपत्र. तालुक्यात भागवतची जी काही कीर्ती होती ती मानपत्रांमुळेच. कुणी रिटायर होवो, कुणाची पंच्याहत्तरी असो, लोक त्याच्याकडेच यायचे. खरं सांगायचं तर त्याचं मानपत्र एकच होतं. अकरा वर्षांपूर्वी लिहून लॅपटॉपात ठेवलेलं, आणि दरवेळी त्यातलं नाव तेवढं बदलायचं. 'हिमालयासारखे उत्तुंग आणि सागरासारखे अथांग' अशी सव्वीस माणसं आतापर्यंत एकट्या केज तालुक्यात होऊन गेली होती. कुणाची तक्रार नव्हती, कारण मानपत्र वाचून होईतो सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे लागलेलं असायचं.

सत्ताविसावा सत्कारमूर्ती मात्र अवघड होता. तो खुद्द भागवतचा सासरा होता.

आश्रुबा म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला शेळ्या-मेंढ्यांचा जाणकार, आणि गेली चौदा वर्षं तो जावयाशी एक शब्द बोललेला नव्हता. कारण लग्नातलं. नवरदेव भागवतने भर मांडवात लग्नपत्रिका हातात घेऊन खिशातल्या लाल पेनाने तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढून दाखवल्या होत्या. ती पत्रिका आश्रुबाने स्वतः लिहिली होती. तेव्हापासून जावई समोर बसला तरी आश्रुबा लेकीकडे बघून म्हणायचा, "त्यांला म्हणावं, च्या घ्या." विजयमालाला या चौदा वर्षांचा कंटाळा आला होता. "पंच्याहत्तरीला आप्पाचं मानपत्र असं लिवा की त्यांनी तुमाला हाक मारली पायजे," तिने बजावलं होतं. "न्हाई मारली तर फुडचे निरोप मी न्हाई पोचवायची."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भागवत निवांत टॅबलेट घेऊन बसला. जुनं मानपत्र उघडायचं आणि नाव घालायचं, पाच मिनिटांचं काम. लॅपटॉप देण्याआधी त्याने मानपत्र पेनड्राइव्हमध्ये काढून घेतलं होतं, आणि पेनड्राइव्ह लावायला टॅबलेटला भोकच नव्हतं. त्याने चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिलं. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात पळत जाऊन त्याने एक जोडणी आणली. फाईल उघडली. मानपत्र ज्या जुन्या फॉन्टमध्ये होतं तो टॅबलेटच्या बापाने पाहिलेला नव्हता. हिमालयाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा यांचा नुसता उकिरडा झाला होता. त्याने ऋतुजाला फोन लावला.

"फुफाजी, लॅपटॉप मी कवाच फॉरमॅट केला," ती आनंदाने म्हणाली. "लई कचरा होता त्यात."

आता उरला एकच मार्ग, बोलून लिहायचा. भागवत स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसला, कारण घरात नेट तिथेच बरं चालायचं; विजयमालाही तिथेच स्वयंपाक करत होती. त्याने टॅबलेट मिक्सरला टेकवून उभा केला, माइकचं चित्र दाबलं आणि घसा खाकरून आठवेल तसं बोलायला लागला. पडद्यावर मराठी अक्षरं भराभर उमटताना पाहून तो स्वतःच थक्क झाला. हिमालय आला, सागर आला, शेळीपालनाला भारदस्त शब्द म्हणून 'आपल्या अजाशेतीने' ही नवीन भर पण आली. परिच्छेद संपला तसा तो टॅबलेटला म्हणाला, "बास."

चहा ओतणाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला. आपल्याकडे बास म्हटलं की माणूस थांबतो. टॅबलेटने 'बास' असं लिहून घेतलं आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुकानात प्रिंट काढायला गेला तर प्रिंटरची आणि टॅबलेटची ओळखच पटेना. दुकानदाराने तीनदा प्रयत्न केला आणि विचारलं, "सर, तुमचा लॅपटॉप कुठंय?" भागवतला तो प्रश्न आवडला नाही. वेळ होत आला होता. त्याने मानपत्राचा पडद्यावर दिसणारा भाग एकदा वाचून पाहिला, त्याचे स्वतःचेच डोळे जरा पाणावले, आणि त्याने ठरवलं की मानपत्र सरळ टॅबलेटवरूनच वाचायचं. जिल्ह्यातलं पहिलं डिजिटल मानपत्र, असं त्याने मंगल कार्यालयात येताच पाच-सहा जणांना सांगूनही टाकलं.

वाचायला रामकिसन सर होते. सरांचा आवाज असा की त्यांनी भाजीची यादी वाचली तरी लोक उठून उभे राहावेत. त्यांची एकच खोड होती: वाचताना ते अर्थाकडे बघत नसत. एकदा एका निमंत्रणाखाली छापलेलं 'कृपया मागे पाहा' त्यांनी इतकं गंभीरपणे वाचलं होतं की अख्ख्या मांडवाने वळून मागे पाहिलं होतं.

आश्रुबा फेटा बांधून खुर्चीत ताठ बसला होता. सरांनी टॅबलेट दोन्ही हातांत धरला आणि सुरू केलं. हिमालय झाला, सागर झाला, टाळ्या पडल्या. भागवतने मान डोलावली. सरांनी बोटाने पडदा वर सरकवला आणि त्याच खर्जात पुढे वाचलं:

"बास झालं एकदाचं आता च्या टाक आधी लसूण सोला मंग च्या."

भागवतला वाटलं आपल्याला भास झाला.

"हो हो सोलतोय ना लसूण," सर धीरगंभीर आवाजात म्हणाले, "पण खरं सांगू का तुजा आप्पा लई हेकट हाय चौदा वर्षं तोंड फिरवून बसलाय पत्रिकेत सात चुका होत्या म्हणून दाखवल्या त्यात माजं काय चुकलं."

टॅबलेट हिसकावून घ्यायला भागवत अर्धवट उठला, पण मागच्या रांगेतल्या कुणीतरी सदरा ओढून त्याला खाली बसवलं. बायकांच्या रांगेत विजयमालाने पदर तोंडात कोंबलेला त्याला दिसला. सरांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी आणखी सरकवलं.

"हायतच आप्पा हेकट पर तुमाला ठावं न्हाई माजी बारावीची परीक्षा होती अन् यष्टी आली न्हाई तवा मला सायकलवर बसवून केजला आणलं अन् पेपर सुटंपर्यंत शाळंच्या दाराशी उनात हुबे ऱ्हायले माज्या लग्नात समद्यांफुडं रडले न्हाईत मांडवामागं जाऊन शेळीच्या गळ्यात पडून रडले ती शेळी बी ओरडाया लागली."

आता हॉलमध्ये कुणी हसत होतं, कुणी नाक पुसत होतं, आणि बरेच जण दोन्ही करत होते. जेवणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सत्तावीस मानपत्रांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"अन् पत्रिकेत चुका सात न्हाईत आठ होत्या," सरांनी समारोपाचा सूर लावला, "आठवी तुमचं नाव."

मंगल कार्यालय दणाणून गेलं. टाळ्या एवढ्या पडल्या की बाहेरच्या जीपवाल्यांनी आत डोकावून पाहिलं. रामकिसन सरांनी त्या स्वतःच्या आवाजाला पडल्यात असं समजून दोनदा वाकून नमस्कार केला. भागवतला मात्र फक्त आश्रुबा दिसत होता, आणि आश्रुबाचा चेहरा दगडासारखा होता. मग तो उठला, फेटा सावरला आणि हळूहळू चालत जावयासमोर येऊन उभा राहिला. भागवतने डोळे मिटून घेतले.

"जावईबापू," आश्रुबा म्हणाला.

चौदा वर्षांनी. भागवत ताडकन उठून उभा राहिला. "जी मामा," तो कसाबसा बोलला.

"हे मला कागदावर काढून द्या. काचंत लावायचंय."

"देतो मामा. ते हेकट तेवढं काढतो."

"लेकीनं म्हणलेलं ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणलेलं काढा."

"अन् हिमालय?"

"ते आदी काढा. मी हिमालय कवा पाह्यलाय?"

"जी. म्हंजे मी लिवलेलं समदंच..."

"समदं न्हाई," आश्रुबा विचार करून म्हणाला. त्याने खिशातून पेन काढलं. लाल होतं. कार्यक्रमपत्रिकेच्या मागे एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद जावयाच्या हातात दिला. "एवढं ठिवा. मोठ्या अक्षरात."

प्रिंट शेवटी ऋतुजाच्या लॅपटॉपवरून निघाली. ते मानपत्र आज आश्रुबाच्या बैठकीत भिंतीवर आहे. खाली 'शब्दांकन: विजयमाला' असं छापलंय, आणि आता तालुक्यातले लोक मानपत्रासाठी भागवतच्या घरी आले की दारातूनच विचारतात, "वैनी हायत का?" येणारे-जाणारे ते भिंतीवरचं मानपत्र उभं राहून वाचतात, अकरा वर्षं नामांकित असलेल्या लेखकाचं त्यात शिल्लक राहिलेलं एकुलतं एक वाक्य मोठ्याने म्हणतात आणि भागवत तिथे असला तर मग त्याच्या हातांकडे बघतात. वाक्य असं आहे: "हो हो, सोलतोय ना लसूण."