दहा बंदरांचं विमान

मुंबईहून केरूचं पत्र आलं, ते महिपत मास्तरांनी हौसाच्या ओटीवर बसून वाचून दाखवलं. केरू जुहूला विमानं धुण्यापुसण्याच्या कामावर होता. येत्या रविवारी सकाळी सातला गोव्याकडे निघणाऱ्या टपालाच्या विमानात त्याला बसायला मिळणार होतं. 'आये, डोंगरमाथ्यावर, सड्यावर उभी राहा. वरून मी हात करीन.' हौसाला तीन वर्षांत लेक दिसला नव्हता.

"आपल्या गावावर कवा येल वो मास्तर?" तिनं विचारलं.

मास्तरांनी पाटी मागवली. जवळची रत्नागिरी मुंबईहून दीडशे मैल, विमान ताशी शंभर मैल, म्हणजे साडेआठ. इथं थांबले असते तर पुढचं सारं टळलं असतं. पण मास्तरांनी उभ्या जन्मात प्रवास केला तो बोटीनंच. "आता वाटेतली बंदरं धरा," ते म्हणाले. "हर्णे, दाभोळ, जयगड... लहानमोठी दहा. टपाल उतरवायला प्रत्येकी पाव तास. अकराला येणार!"

मुसा तांडेल आपल्या पडावातून बोटीचे उतारू किनाऱ्याला आणी. त्याला घोर लागला. "मास्तर, टपाल घ्यायला पडाव काय आभाळात न्यायचा?"

"ते सरकार बघेल," मास्तरांनी त्याला गप्प केलं.

रविवारी गाव निवांत होतं. हौसाला मात्र धीर धरवेना, ती उजाडताच सड्यावर गेली. साडेआठला गाव पेज पीत असताना डोक्यावर काहीतरी घरघरलं. माणसं हात न धुता अंगणात धावली, तोवर आभाळ मोकळं झालेलं.

"हे दुसरं कुठलं तरी असणार," मास्तर ठामपणे म्हणाले. मग अकरापासून एकपर्यंत अख्खं गाव सड्यावर भर उन्हात माना वर करून उभं राहिलं. शेवटी हौसाला त्यांची कीव आली.

"कुनाची वाट बघताव? ता कवाच गेला. माजा केरू खिडकीत व्हता. हात केलान त्यानं. बारीक झालाय."

पुढचा आठवडाभर मास्तर दिसले की लोक विचारत, "दाभोळात अजून टपालच उतरवतायत काय?"

आठव्या दिवशी केरूचं पत्र आलं. आता ओटीवर सगळं गाव जमलं. मास्तर वाचू लागले, "'आये, माझं जाणं काही झालं नाही. वजन जास्त झालं म्हणून ऐन वेळी मला खाली उतरवलं आणि माझ्या जागी टपालाची थैली ठेवली.'" मास्तरांचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा खुलला; चुकलेले ते एकटेच नव्हते.

हौसा तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"मास्तर," ती म्हणाली, "इमानाचा हिशेब चुकलाव तुमी. वाचतानाबी चुकला आसाल. परत वाचा."

मास्तरांनी चष्मा पुसला. तिच्याकडे एकदा पाहिलं. मग कागद डोळ्यांजवळ धरून ते सावकाश वाचू लागले, "'आये, मी तुला सड्यावर पाहिलं. हातही केला. थोडा बारीक झालोय, पण बरा आहे.'"

"ता म्या बघितलाच व्हता," हौसा म्हणाली आणि तिनं सूप उचललं.