पाटावरचा लॅपटॉप

शंभूची ठाम समजूत होती, की रकान्यात बसत नाही अशी आफत जगात नाही. ती यायची शक्यता किती, आली तर नुकसान किती, एवढं ठरवायचं आणि तिला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचा. एका परदेशी बँकेच्या खराडीतल्या ऑफिसात तो जोखीम विभागात शिकाऊ म्हणून लागला, तेव्हापासून त्याने इतक्या आफती रंगवल्या होत्या की डोळे मिटले तरी रकाने दिसायचे. काम मानाचं होतं, पण माणसाचा चोथा करणारं. हडपसरहून निघून मुंढव्याच्या कोंडीत अडकायचं, ऑफिसात पोचून लोकांना आठवणीची मेल करायची, उत्तर आलं नाही की त्या आठवणीची आठवण करायची, आणि संध्याकाळी परत तीच कोंडी.

घरी तर हे काम आहे हेच कुणाला पटत नव्हतं. शेजारी भेटले की कर्जाचं विचारायचे. वडील महिपतीराव एका कारखान्यात लेथ मशीनवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली होती.

"म्हणजे तू करतो काय?"

"काय काय बिघडू शकतं, ते आधीच शोधून काढायचं."

"आणि त्याचा पगार देतात?" महिपतीराव म्हणाले. "तुझी आई तर लग्नापासून फुकट करतीय."

शंभूच्या नोकरीला सहावा महिना लागत होता आणि त्याला कायम करायचं की नाही, ते आता ठरणार होतं. त्याच्या वरिष्ठ उत्कर्षा मॅडम यांनी परीक्षा म्हणून त्याला पहिलं स्वतंत्र काम दिलं. लंडनच्या मुख्य ऑफिसने फर्मावलं होतं की एक दिवस खराडीचं ऑफिस बंद पडलंय असं समजायचं, सगळ्यांनी घरून काम करायचं आणि बँक चालते का ते बघायचं. या रंगीत तालमीची सूत्रं शंभूच्या हाती. सकाळी अकराला त्याने लॅपटॉपवरून सगळ्यांना जोडून घ्यायचं, की झालं.

शंभूने कशालाही तोंड द्यायची तयारी केली. मुठेला पूर आला तर काय, वीज गेली तर काय, इंटरनेट तुटलं तर काय. शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्डसुद्धा त्याने गोड बोलून मिळवून ठेवला. लंडनने सुचवलेल्या तारखेपुढे 'स्थानिक सण' असा एक रकाना होता. सुट्ट्यांच्या यादीत दसरा दुसऱ्या दिवशी होता, म्हणून त्याने 'नाही' असं लिहिलं, हिरवा रंग दिला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. घरोघरी आणि कारखान्या-कारखान्यांत हत्यारांची पूजा करायचा दिवस. हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस हडपसरात शोधून सापडला नसता. शंभूलाही ठाऊक होतंच, पण ते त्याला घरी ठाऊक होतं. ऑफिसात बसल्यावर आठवलं नाही.

सकाळी तो अंघोळ करून बाहेर आला तर देवापुढे पाट मांडलेला. पाटावर महिपतीरावांचे जुने पाने, आईची विळी, शिवणाची कात्री, स्कूटरची किल्ली आणि मधोमध, मानाच्या जागी, बँकेचा लॅपटॉप. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता, आणि भोवती झेंडूचा असा भरगच्च हार की लॅपटॉप बोहल्यावर चढायला निघालाय असं वाटावं.

"आप्पा, मला तो आत्ता लागणारे."

"उद्या सकाळी उचलायचा," महिपतीराव म्हणाले. "पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं न्हाई. आमच्या कंपनीत घुलेनं ऐकलं न्हाई, चालू केला लेथ."

"मग?"

"चार दिवस पोट बिघडलं होतं त्याचं."

शंभूने विनवण्या केल्या, लंडनचं नाव घेतलं, मग आईकडे धाव घेतली. सुशीलाबाईंनी त्यातल्या त्यात वाट काढली. नैवेद्य दाखवून उत्तरपूजा केली की अक्षता टाकून पाट हलवता येतो, असं त्यांचं म्हणणं. नैवेद्य पुरणाचा होता आणि डाळ नुकतीच कुकरमध्ये गेली होती. महिपतीराव म्हणाले, आधी जेवणाचं होऊ दे, मग बघू. तेव्हा एका आंतरराष्ट्रीय बँकेची तालीम हडपसरातल्या एका कुकरच्या शिट्टीवर येऊन थांबली.

आता मॅडमना कळवणं भाग होतं. पण खरं सांगावं तर 'सण नाही' हे स्वतःच्या हाताने लिहिलेलं उघडं पडणार आणि कायम व्हायचं राहणार. फोनवर आवाज फुटेल, म्हणून त्याने मेसेज केला. तोही ऑफिसच्या भाषेत, म्हणजे कुणालाच काही कळणार नाही अशा बेताने.

'लॅपटॉप सध्या माझ्या ताब्यात नाही. त्रयस्थ व्यक्तीकडे आहे. बोलणी चालू आहेत.'

मॅडमचं उत्तर लगेच आलं. ती व्यक्ती ओळखीची आहे का?

'हो. चांगलीच.'

मागणी काय आहे?

'आधी जेवण. मग बघू म्हणतात.'

तू सुरक्षित आहेस ना?

'हो. आईसुद्धा इथेच आहे.'

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि शेवटच्या वाक्याने मॅडमना धीर येईल अशी त्याची प्रामाणिक कल्पना होती. फोन खिशात घालून तो पुरण वाटायला बसला.

पुरण निम्मं झालं असेल नसेल, गल्लीत बँकेची गाडी येऊन उभी राहिली. त्यातून सुरक्षा प्रमुख जयसिंग उतरले, मागे दोन रखवालदार. शेजारीपाजारी गॅलरीत आले. जयसिंग लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशी अजून नोकरीत असल्यासारखी. दारातूनच त्यांनी करड्या आवाजात विचारलं, तो माणूस कुठे आहे?

"देवापाशी बसलेत," सुशीलाबाई म्हणाल्या. "चप्पल तेवढी बाहेर काढा."

जयसिंगांनी आत डोकावून पाट पाहिला, हार पाहिला, महिपतीरावांना पाहिलं. मग मुकाट्याने बूट काढले आणि हात जोडले. पूजलेलं शस्त्र आपण पलटणीतही कधी हलवलं नाही, असं ते म्हणाले, आणि कमरेचा वॉकीटॉकी काढून पाटावर जागा आहे का म्हणून विचारलं. महिपतीरावांनी विळी जरा सरकवली.

शंभूचा तोल तिथे सुटला. "आप्पा, माझी नोकरी जाईल. अहो, हे काय लोखंडाचं हत्यार आहे का?"

महिपतीरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "लोखंड गंजलं रे माझं," ते म्हणाले. "हे पाने गेल्या साली पुजले आन् तसेच गुंडाळून ठेवले. या घरात चालतं हत्यार आता हे एकच हाय. दुसरं काय पुजू?"

या माणसाला आपण सकाळपासून त्रयस्थ म्हणत होतो, याची शंभूला मनापासून लाज वाटली. तेवढ्यात मॅडमचाच फोन आला, आणि त्याने पहिल्यांदा सरळ मराठीत सांगून टाकलं. लॅपटॉप वडिलांनी पूजेला ठेवलाय. सणाच्या रकान्यात 'नाही' मीच लिहिलं होतं.

"शंभू," मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, "माझा लॅपटॉप सासूबाईंनी पाटावर ठेवलाय. निम्म्या टीमचा तिथेच आहे. सगळ्यांनी सकाळीच फोन करून सांगितलं. लंडनने तालीम पुढे ढकलली. तुला मेल केली होती."

"शिकाऊंना मेल फक्त लॅपटॉपवर मिळते, मॅडम."

"हं. आणि तालीम नाही म्हटल्यावर तुझे मेसेज मी खरे धरले, वाटलं तुम्हाला कुणी ओलीस धरलंय. लंडनने लॅपटॉपमधलं सगळं तिकडूनच पुसून टाकायचा आदेश दिलाय, तो आता मागे घेता येत नाही. आणि तुझी मुदत तीन महिने वाढवावी लागेल. सण विसरलास म्हणून नाही. वडील लपवलेस म्हणून."

जयसिंग तीन पोळ्या जेवले, रखवालदारांनाही वाढलं गेलं, आणि वॉकीटॉकी मात्र उद्यापर्यंत इथेच राहू द्या, असं सांगून ते गाडीतून परत गेले.

दसऱ्याच्या सकाळी महिपतीरावांनी अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी शंभूला दिला. शंभूने तो उघडला. पाच महिन्यांच्या आफती, त्यांचे रंग, सगळं साफ झालं होतं. आपलं काम लॅपटॉपवर साठवून ठेवू नका, अशी मेल तो दर सोमवारी साऱ्या ऑफिसला पाठवत असे. स्वतःचं सगळं त्याने तिथेच साठवलं होतं.

स्वच्छ निळ्या पडद्यावर त्याचं नाव विचारणारी एकच ओळ होती. महिपतीरावांनी चष्मा सावरून त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बघ," ते म्हणाले. "एका दिवसाच्या विसाव्यानं कसा नवा कोरा झालाय."