कैतवेलीच्या पुलाचा अतारांकित प्रश्न

मी लिहिलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देऊन सुटलेला मंत्री अजून जन्माला यायचाय! ही फुशारकी नाही. म्हणजे फुशारकी आहेच, पण खरी आहे. तिरुवनंतपुरमच्या आमदार निवासात कोणालाही विचारा, विधानसभेचे लेखी प्रश्न कोणाकडून लिहून घ्यावेत? कॅन्टीनमधला परिप्पुवडा तळणारासुद्धा झारा माझ्याकडे रोखून सांगेल, "तो काय, देवस्सी! इट्टियविरा सारांचा पीए!" सार म्हणजे सर; आमच्याकडे आमदारालाही सारच म्हणतात.

प्रश्न विचारण्यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटत असेल. साधा माणूस विचारतो, "रस्ता का झाला नाही?" मंत्री म्हणतो, "निधी नव्हता." संपलं! मी असं विचारत नाही. मी (अ)मध्ये विचारतो, 'रस्ता झाला नाही, हे खरे आहे काय?' (ब)मध्ये, 'असल्यास, तपशील काय?' (क)मध्ये, 'या दिरंगाईची कारणे काय?' मंत्री घामाघूम होतो न होतो तोच येतो माझा खास (ड) : 'या दिरंगाईस जबाबदार व्यक्तीचे नाव काय व तिच्यावर कोणती कारवाई केली?' हा (ड) वाचून एका मंत्र्यानं ताटातला करिमीन मासा अर्धा टाकून दिला होता. आमच्याकडे माणूस एक वेळ खुर्ची सोडेल, पण तळलेला करिमीन सोडायचा नाही!

आता हे सगळं कोणावर चाललं होतं, तर आमच्याच पक्षाच्या मंत्र्यावर. आमच्या पक्षाचं नाव पक्षापेक्षा लांब आहे, म्हणून सांगत नाही. विधानसभेत आमचे आमदार दोनच : माझे इट्टियविरा सार आणि ते मत्तुण्णी सार. दोनच आमदार, म्हणून गटही दोनच. तिसरा असता तर चौथा गट झाला असता. आघाडी सरकारात आमच्या वाट्याला एकच मंत्रिपद आलं, सार्वजनिक बांधकाम खात्याचं. मग निम्मा काळ एकानं आणि निम्मा काळ दुसऱ्यानं मंत्री व्हायचं ठरलं. चिठ्ठी टाकली. पहिली पाळी मत्तुण्णींची निघाली! इट्टियविरा सारांनी शपथविधीसाठी कडक इस्त्री केलेला मुंडू, म्हणजे आमचं पांढरं धोतर, तसाच घडी करून कपाटात ठेवला आणि मला हाक मारली.

"देवस्सी, माणूस आपल्याच पक्षाचा. उघड काही बोलता येत नाही रे."

"नाही सार."

"पण लेखी विचारता येतं ना?"

"सार, लेखी तर प्रेमानं विचारता येतं!"

आणि मी प्रेमानं सुरू झालो. मत्तुण्णींच्या खात्यात एक डांबराचा ठिपका पडला, तरी माझे (अ) ते (ड) तिथे हजर!

अशात माझ्या घरातूनच एक विषय चालून आला. माझं घर कुट्टनाडात, कैतवेलीला. चहूकडे पाणी, भात आणि बदकं. कालव्याच्या पलीकडे गावचं महसूल कार्यालय, आणि तिथे माझी बायको त्रेसिया कारकून. मधल्या कालव्यावर सरकारनं पूल बांधला. पूल झकास आहे! फक्त तो दोन्ही टोकांना हवेत संपतो. पुलावर चढायला भराव लागतो, रस्ता लागतो, तो करायचाच राहून गेला. म्हणून लोकांनी अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा बांबूच्या शिड्या लावल्या. तुम्ही म्हणाल, होडीनं जावं. पूल झाला म्हणून होडीवाल्यानं होडी विकली!

एका शनिवारी मी घरी पोचलो तर त्रेसिया कामावरून परत येत होती. खांद्याला डबा, दातांत छत्री, एका हातात साडीच्या निऱ्या. तिचा उजवा गुडघा आधीच दुखरा. शिडीची वरून तिसरी पायरी केव्हाच मोडलेली, आणि ती हवेत पाय फिरवून चौथी शोधत होती. खरं सांगतो, त्या वेळी मला (अ) आठवेना की (ब) आठवेना. मी खालून नुसता शिडी धरून उभा राहिलो.

खाली उतरल्यावर तिनं दातांतली छत्री काढली.

"अहो, राज्यभराचे प्रश्न विचारता ना? मग बायको रोज माकडासारखी चढते-उतरते, हा प्रश्न नाही का होत?"

"होतो ना! असा ठेचतो बघ मत्तुण्णीला!"

"त्याला ठेचू नका. रस्ता करा."

मी ठेचायलाच बसलो. कैतवेलीच्या पुलाचा अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर लेखीच मिळतं असा, (अ) ते (ड). असा प्रश्न मी पुन्हा लिहू शकणार नाही! उत्तर आलं : '(अ) ते (ड) : माहिती गोळा करण्यात येत आहे.'

मी चवताळलो. पुढच्या अधिवेशनात पुन्हा तोच प्रश्न, आणि वर, 'ही माहिती कोण गोळा करीत आहे; कोणत्या भांड्यात; भांडे गळके असल्यास, तपशील काय?' विधानसभेच्या सचिवांनी भांडं कापलं, बाकीचं ठेवलं. उत्तर आलं : 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' पण वर्तमानपत्रात सारांचा फोटो आला, 'पुलासाठी झुंजणारा आमदार'. मी तो त्रेसियाला दाखवला. तिनं त्यात वाळवलेली मासळी बांधली.

असं करता करता मत्तुण्णींचा निम्मा काळ सरला. कपाटातला मुंडू बाहेर आला. इट्टियविरा सार बांधकाममंत्री झाले आणि मी मंत्र्यांचा खाजगी सचिव! मोटार, शिपाई, दारावर माझ्या नावाची पाटी. घरी फोन केला तर त्रेसियानं आधी पाटीचं कौतुक केलं नाही.

"आता रस्ता होईल ना?"

"होईल म्हणजे काय! खातंच आपलं आहे!"

पण मंत्रालयात बसल्यावर कळतं की तिथे कामं फार असतात. उद्घाटनं, सत्कार, लग्नं. रस्ता राहिला. आणि एक दिवस मंत्र्यांनी मला आत बोलावलं. चेहरा लालबुंद!

"कोण्या मेल्यानं लिहिलाय हा प्रश्न? डावीकडे वळावं तर अडकतो, उजवीकडे वळावं तर अडकतो! हा (ड) बघ, हा (ड)!"

मी कागद हातात घेतला. कैतवेलीचा पूल. प्रत्येक स्वल्पविराम माझा! मत्तुण्णी आता साधे आमदार. त्यांनी आमचाच जुना प्रश्न काढला, वरचं नाव खोडलं, आपलं घातलं आणि शेवटी स्वतःची म्हणून फक्त एक ओळ जोडली : '(इ) काम केव्हा पूर्ण होईल?'

"सार," मी हळूच म्हणालो, "तो मेला मीच."

"मग उत्तरही तूच दे!"

आता मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. उत्तर तयारच होतं. 'माहिती गोळा करण्यात येत आहे!' पण मत्तुण्णी पक्का. ते वाक्य त्यांनी इतकं वापरलं होतं की आपल्यावर ते चालायचं नाही, असं विधानसभेच्या अध्यक्षांना आधीच भेटून सांगून आले होते. या वेळी माहिती खरोखरच गोळा करावी लागणार होती!

मी 'अति तातडीचे' असं पत्र काढलं. खात्यानं ते मुख्य अभियंत्याला पाठवलं. अभियंत्यानं कलेक्टरला. कलेक्टरनं तालुक्याला. तालुक्यानं गावाला. प्रत्येकानं 'आपल्या स्तरावर उत्तर पाठवावे' असा शिक्का मारला. गावच्या महसूल कार्यालयात साहेब रजेवर होते. पत्र पडलं कारकुनाच्या टेबलावर!

मला फोन आला. मी तेव्हा सारांच्या सत्काराचे हार मोजून घेत होतो.

"अहो, वरून एक कागद आलाय. पूल झाल्यापासून मी तुम्हाला जे सांगतेय तेच यात विचारलंय. काय लिहू?"

"जे खरं आहे ते लिही गं! पण लवकर!"

"खरं लिहू? सगळं?"

"सगळं! वरचे साहेब बघतील, गाळतील, पाणी घालतील. ते कशाला बसलेत?"

"आणि केव्हा पूर्ण होईल, इथे?"

"टाक काहीतरी! ओणम टाक! हार सुकायला लागलेत, ठेव!"

इथे माझं चुकलं. वरच्या साहेबांना वाटलं, खालच्यानं बघितलं असेल. त्याच्याही वरच्यांना वाटलं, इतके शिक्के आहेत त्या अर्थी कोणीतरी नक्की वाचलं असेल. पत्र ज्या शिड्यांनी खाली गेलं, त्याच शिड्यांनी उत्तर चढून वर आलं, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. आणि मी? अतारांकित उत्तर कोणी वाचत नाही, हे मीच खात्यात सर्वांना शिकवलेलं! मी ते सारांपुढे ठेवलं. सारांनी सही केली. उत्तर सभागृहाच्या पटलावर गेलं.

दुसऱ्या दिवशी मत्तुण्णी उभे राहिले आणि त्यांनी बांधकाममंत्र्यांचं लेखी उत्तर मोठ्यानं वाचलं.

"'(अ) होय, खरे आहे. भूमिपूजनाला इट्टियविरा सार आले होते. उद्घाटनाला मत्तुण्णी सार भाड्याच्या होडीतून आले व होडीतूनच फीत कापून गेले.'" इथे मत्तुण्णी जरा अडखळले. आपलं नाव येईल, हे त्यांनीही वाचलं नव्हतं! पण सभागृह ओरडलं, "पुढे वाचा, पुढे वाचा!"

"'(ब) तपशील : बांबूच्या शिड्या दोन. अलीकडच्या शिडीला तिसरी पायरी नाही. (क) कारण : पुलाचा फोटो चांगला येतो, भरावाचा येत नाही. (ड) जबाबदार व्यक्ती : श्री. देवस्सी, मंत्र्यांचे खाजगी सचिव. यांना सर्व काही ठाऊक असून ते प्रश्नच लिहीत बसले. केलेली कारवाई : त्यांचा करिमीन बंद केला आहे. (इ) काम ओणमपूर्वी पूर्ण होईल.'"

सभागृहात हसून हसून बाक वाजत होते. मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलो होतो. तिथून खाली उडी मारावी असं वाटलं, पण शिडी नव्हती.

अध्यक्षांनी विचारलं, "हे सरकारचं उत्तर आहे का?"

सार उठले. वाचलं नव्हतं म्हणावं, तर खाली सही! नाही म्हणावं, तर खोटं उत्तर दिल्याचा ठपका! दोन्हीकडून अडकले. कोणी अडकवलं, ते तुम्हाला माहीत आहेच.

"होय, अध्यक्ष महोदय."

"मग ओणमचं आश्वासन नोंदवून घ्या. आश्वासन समिती पाठपुरावा करील."

कचेरीत सारांनी उत्तराचा कागद माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "देवस्सी, हे काय आहे?"

"सार... माहिती गोळा झाली."

माझी नोकरी त्याच दिवशी जायची. पण संध्याकाळी बातम्यांत आलं, 'खरं बोलणारा पहिला मंत्री!' सारांना अभिनंदनाचे फोन सुरू झाले. मग सारांनाही आठवलं की हे आपण मुद्दामच केलं होतं! आश्वासन समितीची माणसं पुलावर येऊन बसायला लागली. आता भराव न करून सांगता कोणाला? ओणमच्या आधीच दोन्ही बाजूंना रस्ता झाला. उद्घाटनाच्या फलकावर इट्टियविरा आणि मत्तुण्णी, दोघांचे फोटो सारख्याच मापाचे. मत्तुण्णींनी पट्टीनं मोजून घेतले.

फीत कापली आणि दोघे आधी कोणी पाऊल टाकायचं यावर हुज्जत घालत राहिले. तेवढ्यात त्रेसिया डबा घेऊन मधून चालत गेली. छत्री हातात, दातांत नाही. पुलाच्या मध्यावर थांबून तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. एवढा (ड) लिहिणारा मी, माझे डोळे भरून आले हो!

त्यानंतर खात्याची पद्धत थोडी बदलली. अवघड प्रश्न आला की सार म्हणतात, "देवस्सी, हा कैतवेलीला पाठव." उत्तर तिकडून येतं. मी फक्त 'सादर' असा शिक्का मारतो.

करिमीन पुन्हा सुरू झालाय. अलीकडची शिडी त्रेसियानं घरी आणली आणि परसातल्या फणसाला टेकवून ठेवलीय, मोडक्या तिसऱ्या पायरीसकट. फणस पिकला की दर रविवारी तिच्यावर कोण चढतं, आणि खाली उभं राहून "अहो, चौथी शोधा, चौथी!" असं कोण ओरडतं, याबाबत माहिती गोळा करण्यात येत आहे.