नकली रुग्णांची मोहीम

तमाम लहानथोर वाचणारांस मालूम व्हावे जे, दवाखान्यांकरिता संगणकी पॅकेजे तयार करणाऱ्या एका दफ्तरात, दुसऱ्या मजल्यावर, जेथे खिडक्या तीन, पंखे पाच आणि त्यांपैकी फिरते चार, तेथे मार्च महिन्यात जी मोठी मोहीम जाहली, तिची हकीकत सदर दफ्तरी सूचनापुस्तिका लिहिण्याच्या कामावर तैनात असणाऱ्या इसमाने, स्वतः पाहून आणि पाहिले नाही ते चहाच्या यंत्रापाशी ऐकून, कोणाची भीड न धरता येथे दाखल केली आहे.

या दफ्तराचे मुलूख तीन. पहिला नोंदणी पॅकेजाचा, ज्यात रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि भेटीची वेळ लिहिली जाते. त्याचे सुभेदार एक गृहस्थ, जे आपल्या प्रोग्रामाची ओळही दुसऱ्यास दाखवीत नसत, सबब तमाम मजला त्यांस कुलूपराव म्हणे. दुसरा मुलूख औषध पॅकेजाचा, ज्यात कोणास कोणती गोळी किती द्यावी हे ठरते. त्यावर हुकमत कुलूपरावांच्या खाशा कुटुंबाची, म्हणोन त्यांस सर्वत्र वहिनीसाहेब हा किताब. तिसरा अहवाल पॅकेजाचा, ज्यात रक्त-लघवीचे तपासणी अहवाल येतात. तेथील प्रमुख प्रत्येक गोष्टीस ‘हो हो’ म्हणत आणि मग जेवावयास जात, तेणेकरून त्यांस होहोसाहेब ही पदवी प्राप्त जाहली होती. आणि या सर्वांवर मोठ्या बाई, ज्यांचा आवाज कोणी चढलेला ऐकला नाही, पण चष्मा काढून टेबलावर ठेविला म्हणजे तिन्ही मुलूख उभे राहत.

या दफ्तरी सहा महिन्यांमागे एक तपासनीस बाई रुजू जाहल्या. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नसे, म्हणोन नाव पडले चाळणबाई. त्यांचे काम टेस्टा लिहिणे. टेस्ट म्हणजे एका प्रोग्रामाने दुसऱ्याची घेतलेली झडती: माणसाने एकदा लिहून ठेवावी, मग बटण दाबताच ती आपोआप चालावी, आणि सारे ठीक असल्यास हिरवी खूण, चुकल्यास लाल खूण उमटावी. हे झडतीचे काम प्रत्येक मुलखाने आपापले करावे आणि शेजाऱ्याकडे डोकावू नये, ऐसा रिवाज पडला होता.

ऐशात मार्चच्या पहिल्या सोमवारी एका दवाखान्यातून फोन दाखल जाहला. तेथे एक आजीबाई रक्तदाबाचे औषध घ्यावयास आल्या, ज्यांचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. त्या तारखेपुढे औषध पॅकेजाची मति कुंठित जाहली, आणि त्याने आजीबाईंचे वय शून्य ठरवून तान्ह्या बाळाच्या हिशोबाने थेंब लिहून दिले. औषधे देणारी बाई शहाणी, तिने पडद्याकडे पाहिले, आजीबाईंकडे पाहिले, आणि मग फोन उचलला. अनर्थ टळला. परंतु दवाखान्याने बजावले की, पंधरवड्यानंतर येणाऱ्या गुरुवारपर्यंत बंदोबस्त न जाहल्यास औषध पॅकेज काढून टाकू आणि पुन्हा वहीवर लिहू. हे वर्तमान ऐकून वहिनीसाहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

चाळणबाईंनी मात्र वेगळाच सवाल केला की, हीच आजीबाई आधी नोंदणी पॅकेजातून गेली, तेथे ते का अडखळले नाही? तेव्हा शोधाअंती कळले की, नोंदणीपाशी जन्मतारखा आणि नावे यांच्या दोनशे बारा टेस्टा आहेत, त्यांत एकोणतीस फेब्रुवारीही आहे, आणि हा दारूगोळा कुलूपरावांनी दोन वर्षे दडवून ठेविला आहे. ज्या संकटाचा इलाज घरच्या धन्यापाशी, त्यापायी घरची धनीण उपाशी बसली, हे पाहून मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेविला आणि हुकूम केला की, टेस्टा तिन्ही मुलखांनी मिळून वापराव्या.

कुलूपरावांनी हुकूम शिरसावंद्य म्हटला आणि अवघ्या चाळीस टेस्टांची नक्कल दिली, तीही रुग्णांची नावे पुसून अ, ब, क ऐसे लिहून. ती नक्कल वहिनीसाहेबांनी आपल्या मुलखात चिकटविली, होहोसाहेबांनी हो हो म्हटले आणि तीन दिवसांनी चिकटविली, आणि सर्वत्र हिरवे हिरवे होऊन लोकांनी एकमेकांस चहा पाजला. परंतु त्याच आठवड्यात नोंदणीवाल्यांच्या ध्यानी आले की, ज्यांस आपली जन्मतारीख ठाऊकच नाही ऐसेही रुग्ण असतात, आणि त्यांनी आपल्यापुरती एका जुन्या टेस्टेत ती भर घातली. नकलांस ही खबर कोण देणार? औषध पॅकेजाची खूण हिरवीच राहिली, आणि त्याच हिरव्या खुणेखाली जन्मतारीख नसलेल्या एका माळीबुवांस औषध मिळेना, ऐसा त्याच दवाखान्यातून दुसरा फोन आला. चाळणबाई म्हणाल्या की, लाल खुणेची मला भीती नाही, खोट्या हिरव्या खुणेची आहे. हा पहिला पराभव.

मग दुसरी मसलत ऐसी निघाली की नक्कल नको, औषध पॅकेजाने अख्खे नोंदणी पॅकेजच टेस्टांसह आपल्या पोटात घ्यावे, म्हणजे तिकडे बदलले की इकडेही बदलेल. परंतु नोंदणी पॅकेज औषधांच्या ॲलर्जीची यादी आधीच औषध पॅकेजाकडून घेत असे. तेव्हा बटण दाबताच औषध पॅकेज म्हणे आधी नोंदणी तयार होवो, आणि नोंदणी पॅकेज म्हणे आधी औषध तयार होवो, आणि ऐसे चाळीस मिनिटे आधी तुम्ही, आधी तुम्ही करीत यंत्र घामाघूम जाहले आणि थांबले. कुलूपराव-वहिनीसाहेब या उभयतांच्या घरी बाहेर पडतेवेळी रोज हेच घडते, ऐसी इतल्ला होहोसाहेबांनी कोणी न विचारता दिली, आणि वहिनीसाहेबांनी त्यांजकडे पाहताच ते जेवावयास गेले. हा दुसरा पराभव. गुरुवारास आता सहा दिवस उरले.

तेव्हा चाळणबाईंनी फळ्यावर तिसरा मनसुबा मांडिला. चौथे एक पॅकेज करावे, ज्यात फक्त टेस्टा आणि त्यांस लागणारे नकली रुग्ण. त्याने कोणाच्या घरात काय आहे हे जाणू नये, कोणावर अवलंबून राहू नये. प्रत्येक मुलखाने आपल्या वेशीवर एक लहान दिंडी, म्हणजे दारातले छोटे दार, ठेवावी, जीतून टेस्ट विचारील की, हा रुग्ण घ्या आणि याचे वय सांगा. आत कोणी कसे मोजावे हा ज्याचा त्याचा कारभार. टेस्ट एकदाच लिहावी, आणि एकीत भर पडली की तिघांची झडती एकदम व्हावी. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला, म्हणजे मनसुबा पसंत पडला.

यास नकली रुग्णांची मूळ यादी कुलूपरावांनी बाहेर काढणे प्राप्त होते. आणि येथे कुलूपराव अडून बसले. पहिले दिवशी म्हणाले की सुरक्षेचा प्रश्न आहे. दुसरे दिवशी म्हणाले की यादी सापडत नाही. तेव्हा हुकूम सुटला की, मंगळवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत यादी पडद्यावर लावावी. मंगळवारी सकाळी कुलूपराव सर्वांआधी येऊन यादीतील नावे बदलू लागले, परंतु ती नावे दोनशे बारा टेस्टांत अशी मुरली होती की, एक नाव बदलताच एकसष्ट टेस्टा लाल जाहल्या. त्यांनी ते परत ठेविले, घाम पुसला, आणि अकरा वाजता, शरण येणाऱ्या किल्लेदारासारखे, पडदा लाविला.

यादीत प्रथम लिहिले होते: सासूबाई, वय दोनशे सात, वजन उणे चार किलो, तक्रारी नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. त्याखाली: मेहुणा, कायमचा पत्ता आमचेच घर. त्याखाली: साडू, नावाची लांबी पदव्यांसह तीनशे अक्षरे.

खोलीत ऐसी शांतता पसरली की बंद पंखाही ऐकू यावा. वहिनीसाहेबांनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, “ही माझी आई आहे?”

कुलूपराव म्हणाले, “टेस्टसाठी आहे ती. टोकाचं माणूस लागतं. मला दुसरं कोणी सुचलं नाही.”

होहोसाहेबांच्या तोंडून सवयीने हो निघाले ते त्यांनी अर्ध्यात गिळले. चाळणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या, परंतु त्यांचे खांदे हलत होते. वहिनीसाहेबांनी रागाचा शब्द काढिला नाही. त्यांनी फोन उचलून आईस लाविला, आवाज सर्वांस ऐकू येईल ऐसा केला, आणि यादी वाचून दाखविली. कुलूपरावांनी या वेळी काय सोसले ते लिहिण्यास शाई पुरणार नाही. सासूबाईंनी सारे ऐकून घेतले, आणि मग म्हणाल्या, “दोनशे सात वर्षं जगवलंय म्हणजे जावईबापूंच्या मनात वाईट नाही. पण अशी माणसं दवाखान्यात येत नाहीत. मी येऊ का उद्या?”

आता हे सांगणे जरूर की, या सासूबाईंनी एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर एकतीस वर्षे नोकरी केली होती, आणि ही गोष्ट जावयास ठाऊक असून त्यांनी त्यांस कामाविषयी कधी एक अक्षर विचारले नव्हते.

बुधवारी दहा वाजता सासूबाई सुती साडी आणि चष्म्याची दोरी ऐशा थाटात दाखल जाहल्या, आणि चाळणबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि रुग्ण सांगू लागल्या. जुळ्या बहिणी, जन्म एकच, फोन एकच, आणि आईने हौसेने नावेही जवळजवळ एकच ठेवलेली. एक गृहस्थ, जे नावाच्या रकान्यात पत्ता लिहीत आणि पत्त्याच्या रकान्यात तक्रार. एक बाई, जिने लग्नानंतर नाव बदलले आणि घटस्फोटानंतर पुन्हा बदलले. दोन दिवसांचे बाळ, ज्याचे बारसेच न झाल्याने नाव नाही. ऐसे ऐसे दहा रुग्ण त्यांनी सांगितले आणि चाळणबाईंनी लिहिले. दिंड्या तिघांनी आदल्या दिवशीच बसविल्या होत्या. मग चौथ्या पॅकेजाचे बटण दाबिले आणि तिन्ही मुलखांवर एकदम हल्ला जाहला. औषध पॅकेज पाच जागी पडले, अहवाल सहा जागी, आणि मंगळवार सकाळची गुपचूप खटपट वगळता दोन वर्षे लाल रंग न पाहिलेले नोंदणी पॅकेज चार जागी पडले.

त्या चार लाल ओळी पाहून कुलूपरावांचे कान तांबडे जाहले. मागल्या एका नोकरीत त्यांनी आपला प्रोग्राम मोकळ्या मनाने वाटला होता, आणि तो कोणाच्या हातून मोडला तरी दोष यांच्याच माथी आला होता, तेव्हापासून कुलूप. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते, ते आज सासूबाईंस हळू आवाजात सांगितले.  सासूबाईंनी आपली खुर्ची चाळणबाईंकडून उचलून कुलूपरावांच्या टेबलापाशी नेली, आणि पहिली लाल ओळ वाचून दाखवावयास सांगितली.

तो दिवस आणि गुरुवारचा पूर्वार्ध तिन्ही मुलखांनी शर्थ केली. वहिनीसाहेबांनी पाच बुरूज बांधिले आणि नवऱ्याच्या दोन चुका जाता जाता दुरुस्त केल्या. होहोसाहेब हो हो म्हणाले आणि खरोखरच काम केले, तेणे लोकांस धास्ती वाटली. गुरुवारी दुपारी दोन वाजता सर्व हिरवे जाहले, आणि मंडळी उठणार तोच सासूबाई म्हणाल्या की एक रुग्ण राहिला.

त्या सांगत्या जाहल्या की, खिडकीवर एक आजोबा दर महिन्यास बायकोचे कार्ड घेऊन येत आणि तिची पुढील भेटीची तारीख मागत. बायको वारली होती. नोंद होती, कार्डावर शिक्काही होता. तरी ते येत. ऐसा माणूस तुमच्या यंत्रापुढे आला तर ते काय म्हणते?

चाळणबाईंनी टेस्ट लिहिली आणि चालविली. नोंदणी पॅकेज म्हणाले, चूक, रुग्ण अवैध. औषध पॅकेज म्हणाले, चूक, रुग्ण निष्क्रिय. अहवाल पॅकेज काहीच न बोलता बंद पडले. पडद्यावरील ती अक्षरे तांबडी आणि ठळक होती, आणि कोणी हसले नाही.

मग तिन्ही मुलखांनी ठरविले की येथे एकच वाक्य यावे, तिघांचे सारखे, आणि ते लिहिण्याचा हुकूम या लेखकास जाहला. लेखकाने नऊ मसुदे केले. त्यांत ‘आपल्या दुःखात सहभागी’ होते, ‘असुविधेबद्दल खेद’ होता, आणि एकात दोन्ही होते. मोठ्या बाईंनी नऊही वाचले, बाजूस ठेविले आणि सासूबाईंस विचारले की, खिडकीवरून आपण काय म्हणत होता?

सासूबाई म्हणाल्या, “काही नाही. बसा जरा, म्हणायचे. मग काम आटोपून जाऊन बसायचे त्यांच्याजवळ.”

यंत्रास जाऊन बसता येत नाही, सबब कुलूपरावांनी स्वतः वाक्य टंकिले: ‘जरा बसा. आमचं माणूस येऊन भेटेल.’ आणि त्याखाली ऐसी तजवीज केली की, त्याच क्षणी खिडकीवरील कर्मचाऱ्यास खबर जावी. ही तजवीज वहिनीसाहेबांनी आणि होहोसाहेबांनी आपापल्या मुलखात घेतली, आणि टेस्ट तिघांकरिता एकच राहिली.

येणेप्रमाणे गुरुवारी सायंकाळी चार वाजून दहा मिनिटांनी, दोनशे तेवीस टेस्टा, एकदाच लिहिलेल्या, तीन पॅकेजांवर चालून, तिन्ही ठिकाणी हिरव्या जाहल्या. लाल खूण एकही नाही. दवाखान्यास खलिता रवाना जाहला, पोच आली, औषध पॅकेज तेथे कायम राहिले. चौथ्या पॅकेजाच्या कर्त्यांत चाळणबाईंखाली सासूबाईंचे नाव त्यांच्या खऱ्या वयासह, एकाहत्तर, दाखल करण्यात आले. फत्ते जाहली ती ऐसी. लिहिणाराने पाहिले ते लिहिले, आणि वाक्याच्या मजकुरात स्वतःचे एक अक्षरही नाही हे येथे कबूल केले असे.